दिल्लीभोवतीचे घेर

दिल्लीच्या जुन्या वास्तू म्हटल्या की किल्ले, मशिदी आणि कबरी डोळ्यांपुढे येतात. मौलवी जफर हसन यांनी या प्रांतातील स्मारकांची जी मोठी यादी सिद्ध केली व जी १९१६ ते १९२२ या काळात चार खंडांत प्रसिद्ध झाली, तिचा रोखही अशाच वास्तूंवर होता. ज्या गुरांच्या बळावर या राजधानीला धान्य आणि दूध मिळाले, त्यांच्या निवाऱ्याची नोंद कोणी करावी?

दिल्ली, गुडगाव, सोनिपत या पट्ट्यात गुरांच्या आवाराला ‘घेर’ किंवा ‘नोहरा’ म्हणतात. आपल्या देशावरच्या घरात सोप्यालगतच गुरे बांधीत. कोकणात शेतावर मांगर असतो. घेर मात्र बहुधा घरापासून निराळा. तेथे म्हशी बांधल्या जातात, आणि तेथेच पुरुषमंडळींचा हुक्का व खाटाही असतात. ज्याला स्वतंत्र घेर परवडत नसे तो घराच्या प्रवेशद्वाराशी असलेल्या ‘पौळी’त जनावर बांधी. आपल्याकडे पौळ म्हणजे आवाराची भिंत. तिकडे ती दारातली खोली होते, हा शब्दांचा प्रवास मोठा मनोरंजक आहे.

आज भाडेकरूंच्या खोल्या झालेला घेर ओळखावा कसा? पुष्कळ जण छपरावरून वर्गवारी करू पाहतात. मला ती पद्धत फसवी वाटते, कारण छपराइतके वारंवार बदलणारे दुसरे काही नाही. कड्या आणि सरकंडा जाऊन तेथे दगडी फरशा आल्या, पुढे काँक्रीट आले. भिंत अधिक खरे बोलते. दक्षिणेकडे अरवलीचा ओबडधोबड दगड, यमुनेकडे माती व वीट. त्यातही पातळ लखौरी वीट दिसली तर बांधकाम, निदान त्यातील माल, मोठ्या इंग्रजी विटेच्या प्रसारापूर्वीचा समजावा. ‘माल’ असे मुद्दाम म्हणतो, कारण पडक्या वास्तूच्या विटा नव्या भिंतीत सर्रास वापरल्या जात.

परंतु सर्वांत भरवशाची खूण म्हणजे गव्हाण, तिकडची ‘खोर’. भिंतीलगत बांधलेली ही लांबट कुंडी पुढे बुजवली तरी तिची कड प्लास्टरखालून उठून दिसते. तिच्याजवळ खुंट्याची खाच किंवा लोखंडी कडी असेल, दार म्हशीला सहज जाता येईल इतके रुंद असेल, उंबरा नसेल आणि हवेचे मोखे उंचावर असतील, तर शंकेला जागा थोडीच उरते. शेजारच्या कोंदट कोठडीच्या छताला भोक असल्यास ती भुशाची. कडबा कापण्याच्या हातचक्राचा चौथरा मात्र विसाव्या शतकातील. तेवढ्यावरून साऱ्या घेराचे वय ठरवू नये.

कागदपत्रांची मदत तुटपुंजी आहे. ‘लाल डोऱ्या’च्या आत सगळी वस्ती ‘आबादी’ या एकाच नावाखाली पडे. घर कोणते व गोठा कोणता, हे महसुली दप्तराला विचारण्याचे कारण नव्हते. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेने हरियाणात, तसेच महाराष्ट्रातही, गावठाणांची ड्रोनद्वारे मोजणी आरंभिली. मालकी हक्काच्या दृष्टीने हे काम मोलाचे खरे; पण वरून घेतलेल्या छायाचित्रात छप्परच दिसते, गव्हाण दिसत नाही. गावातील वृद्धांना कोणत्या खोलीत कोणाची म्हैस बांधीत हे अद्याप आठवते. मोजणीदाराबरोबर एखादा विद्यार्थी वही घेऊन त्यांच्याकडे गेला, तर ती नोंद आजही होऊ शकेल.