तळाचं काम



‘मी ड्रायव्हर लिहिते’ असं सांगितलं की गावाकडे अजूनही विचारतात, ‘कोणत्या डेपोला?’ चिप आणि आपण वापरतो ते प्रोग्राम यांच्यामधलं सॉफ्टवेअर म्हणजे ड्रायव्हर. चिप बनवणाऱ्या एका कंपनीत हे तळाचं काम करणाऱ्या गटाची मी प्रमुख आहे. अशा कामाचा एक मोठा धडा आपल्या महाराष्ट्रातच घडला.

1980 च्या दशकात भारताला हवा होता तो क्रे महासंगणक द्यायला अमेरिकेने नकार दिला. 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झाली. प्रमुख होते डॉ. विजय भटकर, अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. 1991 मध्ये ‘परम 8000’ उभा राहिला. त्यातले प्रोसेसर ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर, म्हणजे विकत मिळणारे. प्रत्येकाला शेजाऱ्यांशी बोलायला चार जोड. पण अशा 64 जणांना एकाच कामाला जुंपणं विकत मिळत नव्हतं. त्यासाठीचं ‘पारस’ हे सॉफ्टवेअर सी-डॅकमध्येच तयार झालं. ‘परम’ घरोघरी माहीत झाला, ‘पारस’ फारसा कुणाला ठाऊक नाही.

आमचंही तसंच. चिपच्या आत रजिस्टर असतात, त्यांच्या खान्यांत 0 किंवा 1 लिहायचा. एकदा पडदा दिवसातून एखाद्या वेळीच काळा व्हायचा. तीन आठवडे दोष सापडेना. शेवटी कळलं, चिप पुरती जागी होण्याआधीच आम्ही एका खान्यात लिहीत होतो.

रजिस्टर म्हटलं की मला बाईंचा हजेरीपट आठवतो. दिवाळीनंतर त्यात गैरहजेरीच्या खुणांची रांग लागायची. मुलं आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात गेलेली असायची. माझ्या बाकावरची मैत्रीण गणितात माझ्या पुढे होती. तीही जायची. सातवीत गेली ती परत वर्गात आलीच नाही. साखरेच्या पोत्यावर कारखान्याचं नाव असतं, ऊस तोडणाऱ्याचं नसतं.

या मेळाव्याची यादी आपण दहावीच्या निकालावरून केली. त्यात ती नाही. पुढची यादी पाचवीच्या हजेरीपटावरून करू या. तिचा पत्ता शोधायचं काम माझ्याकडे.