पुनरावृत्त बांधकामाचे कालनियोजन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

बांधकाम व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत कालनियोजनाचा इतिहास बहुधा गँटच्या पट्टी-तक्त्यापासून निघतो आणि १९५७-५८ सालच्या 'क्रिटिकल पाथ' व 'पर्ट' या जाल-पद्धतींपाशी स्थिरावतो. परंतु उंच इमारती, घरांच्या वसाहती, रस्ते, नळवाहिन्या ही कामे एकच कृती पुनःपुन्हा करून उभी राहतात. त्यांच्या नियोजनाचा इतिहास या क्रमात बसत नाही. तो जाल-पद्धतींच्या आधीचा आहे आणि त्यातील मूळ प्रश्नही वेगळा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या दृष्टीने न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीचे उदाहरण महत्त्वाचे ठरते. १७ मार्च १९३० रोजी सुरू झालेले १०२ मजल्यांचे हे बांधकाम पूर्ण होऊन १ मे १९३१ रोजी इमारतीचे उद्घाटन झाले. स्टॅरेट ब्रदर्स अँड एकेन या कंत्राटदारांनी चार कामांना गती ठरविणारी कामे मानले : पोलादी सांगाडा, मजल्यांचे काँक्रीट, बाहेरील धातुकाम आणि चुनखडीच्या दगडाचे आच्छादन. उर्वरित कामांनी या चौघांच्या चालीने चालावयाचे होते. पोलादाची रेखाटने, मागणी, पुरवठा व उभारणी यांच्या तारखा मजलेवार बांधलेल्या होत्या. माल साठून वाट अडू नये म्हणून मजल्यामजल्यावर छोटे रूळ टाकून गाड्यांतून वाहतूक केली जाई. सांगाडा आठवड्यास सरासरी साडेचार मजले या वेगाने चढला. कंत्राटदारांची टिपणवही कॅरोल विलिस यांच्या संपादनाखाली १९९८ साली प्रसिद्ध झाल्यामुळे ही व्यवस्था आज तपशीलवार पाहता येते. अर्थात मंदीच्या त्या काळात मजूर सहज मिळत होते आणि अधिकृत नोंदीप्रमाणे पाच कामगार या कामावर मृत्यू पावले, हे बाजूस सारून या वेगाचे गोडवे गाणे उचित नव्हे.

या विचारास आलेखाचे निश्चित रूप कारखान्यांतून मिळाले. १९४०च्या दशकात गुडइयर कंपनीत उगम पावलेली 'लाइन ऑफ बॅलन्स' म्हणजे समतोल-रेषा पद्धती पुढे अमेरिकी नौदलाने विकसित केली. १९६०च्या दशकात ब्रिटनच्या नॅशनल बिल्डिंग एजन्सीने ती गृहबांधणीसाठी स्वीकारली. आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर घरे आणि प्रत्येक पथकाची एक तिरपी रेषा, एवढेच तिचे स्वरूप. रेषेचा चढ म्हणजे पथकाचा वेग. दोन रेषा जवळ आल्या की पथके एकमेकांच्या पायांत येणार, हे पाहताक्षणी कळते.

क्रिटिकल पाथ पद्धती ड्यूपाँ कंपनीच्या रासायनिक कारखान्यांच्या कामातून जन्मली. तेथील प्रत्येक कृती बहुधा एकदाच घडते. पुनरावृत्त कामात मात्र ही पद्धती प्रत्येक घराचे काम स्वतंत्र मानून त्यास लवकरात लवकरची तारीख देते. समजा, वीस घरे आहेत. भिंतींचे पथक एका घरास ३ दिवस घेते आणि गिलाव्याचे २ दिवस. तीन दिवस उलटताच गिलावा सुरू केला, तर त्या पथकास दोन घरांमध्ये एक याप्रमाणे एकूण १९ दिवस रिकामे बसावे लागेल. तेच पथक २२ दिवस उलटल्यावर आले, तर ते अखंड काम करील आणि दोन्ही प्रकारे गिलावा ६२व्या दिवशीच संपेल. रोजंदारीच्या व्यवस्थेत ते १९ दिवस कोणाच्या पदरी पडतात, याचे उत्तर जाल-पद्धतीच्या गणितात नसते.

१९८१ साली डेव्हिड जॉन्स्टन यांनी महामार्गांसाठी रेषीय नियोजन मांडले. १९९८ साली हॅरिस व योआन्नू यांनी अशा विविध पद्धतींना एका चौकटीत आणून पथकाचे सातत्य ही त्यातील मूलभूत अट मानली. या अटीचा एक परिणाम प्रथमदर्शनी विपरीत वाटतो. वरील उदाहरणात गिलाव्यानंतर घरास ३ दिवस घेणारे रंगकाम जोडले, तर सर्व काम ८४ दिवसांत संपते. आता गिलाव्याचा वेग वाढवून तो घरास एका दिवसावर आणला, तर सातत्य राखण्यासाठी त्या पथकास ४१ दिवस उलटेपर्यंत थांबावे लागते. मग रंगकाम ४२ दिवस उलटल्यावर सुरू होते आणि काम १०२ दिवसांवर जाते.