सँडविचची काच: भट्टीपासून संग्रहालयापर्यंत

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केप कॉडवर सँडविच नावाचं गाव आहे. डेमिंग जार्व्हिस यांनी १८२५ मध्ये तिथे काचेचा कारखाना काढला. पुढच्याच वर्षी त्याची बॉस्टन अँड सँडविच ग्लास कंपनी झाली. किनाऱ्यावरची वाळू पाहून ते आले असतील असं कुणालाही वाटेल, पण ती वाळू स्वच्छ काचेच्या उपयोगाची नव्हती. चांगली वाळू बाहेरून आणावी लागे. जार्व्हिस यांची नजर होती ती भट्टीला लागणाऱ्या सरपणावर, म्हणजे आसपासच्या जंगलावर.

तोवर नक्षीदार काच म्हणजे फुंकून, घासून, कोरून केलेली श्रीमंतांची वस्तू. याच दशकात अमेरिकेत लोखंडी साच्यात काचेचा रस ओतून वरून दट्ट्या दाबण्याची पद्धत रुजली. साचा कोरायला वेळ लागे, पण एकदा तो झाला की बशा भराभर निघत. अडचण एकच होती. साचा थंड पडला की काचेवर सुरकुत्या उठत. कारागिरांनी मग साच्याची सगळी पार्श्वभूमी बारीक ठिपक्यांनी भरून टाकली. सुरकुत्या दिसेनाशा झाल्या आणि बशीवर जाळीदार लेस विणल्यासारखा प्रकाश खेळू लागला. दोष झाकण्यासाठी केलेलं इतकं देखणं काम मी दुसरं पाहिलेलं नाही.

संग्राहकांचा खास जीव आहे तो तीन-साडेतीन इंचांच्या ‘कप प्लेट’वर. चहा बशीत ओतून प्यायची रीत तेव्हा तिथेही होती. ओला कप टेबलावर टेकवायचा नाही, म्हणून ही चिमुकली ताटली. तिच्यावर गरुड, जहाजं, हेन्री क्ले यांच्यासारखे पुढारीही आले.

जार्व्हिस १८५८ मध्ये बाहेर पडले. १८६४ मध्ये पश्चिमेकडच्या व्हीलिंग शहरातल्या विल्यम लेटन यांनी शिशाशिवाय, चुन्याची स्वस्त, स्वच्छ काच बनवली आणि तिकडच्या कारखान्यांशी टक्कर देणं सँडविचला जड गेलं. शेवटी कामगारांशी वाद चिघळला आणि १८८८ मध्ये कारखाना बंद पडला.

१९०७ मध्ये गावात इतिहास मंडळ स्थापन झालं. आजचं सँडविच काच संग्रहालय याच मंडळाचं. रूथ वेब ली यांच्या १९३१ च्या पुस्तकानं दाबकाचेच्या संग्राहकांना नमुन्यांची ओळख करून दिली. १९४८ मध्ये जेम्स रोज यांच्यासोबत त्यांनी कप प्लेटची सूची काढली. तिचेच क्रमांक आजही व्यवहारात चालतात. याच काळात नकलांचाही सुळसुळाट झाला. कोणतीही लेसदार बशी ‘सँडविच’ म्हणून खपू लागली. कारखान्याच्या जागी सापडलेले तुकडेही पक्का पुरावा नव्हेत, कारण वितळवण्यासाठी बाहेरची फुटकी काचही विकत घेतली जाई. म्हणून जाणता संग्राहक नावावर न जाता बशी हातात घेतो, वजन बघतो आणि हलकी टिचकी मारतो. शिशाची जुनी काच घंटेसारखी वाजत राहते, चुन्याची तेवढी वाजत नाही.