हालेलूया : अनेकांना दिलेली हाक

‘हालेलूया’ आज आनंदोद्गार वाटतो, पण मूळ हिब्रूत तो आज्ञार्थ आहे. ‘हालेलू’ म्हणजे ‘स्तुती करा’, तेही अनेकांना उद्देशून. ‘याह’ हे ‘यहोवा’ या देवाच्या नावाचे संक्षिप्त रूप. या अनेकवचनातच शब्दाचे मर्म आहे, असे माझे मत आहे. संकटातून सुटलेला माणूस स्वतः गाऊन थांबत नाही, तो इतरांनाही गायला बोलावतो. बायबलमधील ‘निर्गम’ ग्रंथाचा 15वा अध्याय पाहा. मिसरच्या गुलामगिरीतून सुटलेल्या इस्राएली लोकांनी समुद्र ओलांडल्यावर त्यांचा नेता मोशे याचे गीत प्रथमपुरुषी एकवचनाने सुरू होते. त्याची बहीण मिर्याम मात्र हाती डफ घेऊन त्याच ‘गाणे’ या क्रियापदाचा अनेकवचनी आज्ञार्थ करते. किती मोठा बदल आहे हा!

‘हालेलूया’ तिथे नाही, हा आक्षेप खरा. पण ‘याह’ तिथे आहे, आणि या सुटकेच्या स्मरणार्थ यहुदी पाळतात त्या वल्हांडण सणाच्या रात्री म्हटल्या जाणाऱ्या ‘हालेल’मध्ये, म्हणजे 113 ते 118 या स्तोत्रांत, मिसरमधली सुटका आणि हा शब्द एकत्र येतात. कोणी 116व्या स्तोत्राकडे बोट दाखवील : मरणातून वाचलेल्या एकट्या जिवाचे ते मनोगत. तरीही तो नवस फेडतो सर्व लोकांसमक्ष, आणि त्या स्तोत्राची अखेर ‘हालेलूया’नेच होते.