आधी कोणाचा आवाज?

आमच्या लहानपणी चांद्याहून नागपूरला बोलायचे म्हणजे ट्रंक कॉल लावायचा आणि घरभर वाट पाहत बसायचे. दुपारी लावलेला साधा कॉल कधी दिवेलागणीला मिळे. घाई असेल तर ‘अर्जंट’, त्याला दुप्पट दर. त्याहून घाई असेल तर ‘लाइटनिंग’, त्याला आठपट! तारा मोजक्या, बोलणारे पुष्कळ. तेव्हा आधी कोण, याचा निवाडा खिशावर होई.

किती तारांवर किती जणांचे भागेल, याचे गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील एर्लांग यांनी १९०९ पासून मांडले. आपल्याकडे १९६० साली लखनौ-कानपूर थेट डायलिंग सुरू झाले आणि पुढे ट्रंक कॉल मागे पडला. मला वाटले, रांगही गेली. पण ती पुढे माझ्याच पोटापाण्याच्या धंद्यात मला भेटायची होती.

कारण आता आवाजाचेही तुकडे होतात आणि ते कागदपत्रांच्या तुकड्यांबरोबर एकाच वाटेने जातात. गर्दी झाली की सारेच अडतात. १९८६ साली अमेरिकेत बर्कले येथे अवघ्या चारशे यार्डांवरच्या दोन ठिकाणांमधील वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला होता!

गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. तेथल्या जंगलापलीकडच्या एका तालुक्याच्या गावी आमची २ मेगाबिटची लिंक होती. एका पावसाळी संध्याकाळी तिकडची परिचारिका डॉक्टरांना औषधाचे प्रमाण विचारीत होती. डॉक्टर सांगत होते, आणि शब्द तुटत होते. “पंधरा म्हणालात की पन्नास?” असे तिने तीनदा विचारले. त्याच वेळी कोणीतरी दिवसभराचे कागद वर पाठवीत होते.

हिशेब सोपा आहे. १५०० बाइटांचा एक तुकडा त्या वाटेवर ६ मिलिसेकंद घेतो. असे शंभर पुढे उभे राहिले की आवाज ६०० मिलिसेकंद मागे पडतो. आणि संभाषण सुखाने चालायला १५० च्या आत पोहोचावे लागते.

मौज अशी की आमच्या राउटरात आवाजाला पहिला मान आधीच लिहिलेला होता. मग बोलणे तुटे का? दोन दिवसांनी उमगले. राउटरचे तोंड १०० मेगाबिटचे, पुढची वाट दोनची. रांग आमच्या दारात लागतच नव्हती. ती पुढच्या यंत्रात लागे, आणि तेथे आवाज कोणता नि कागद कोणता हे ओळखणारे कोणी नव्हते. दारात रांगच नाही, तर मान द्यायचा कोणाला?

महाशिवरात्रीला मार्कंड्याला जाणाऱ्यांना पिंडीवरचे अभिषेकपात्र सांगायला नको. वरून कळशीभर ओता, खाली धार एकाच संथ लयीत पडते. छिद्र असलेल्या भांड्याची हीच कल्पना टर्नर यांनी १९८६ साली जाळ्यांसाठी मांडली. यालाच ट्रॅफिक शेपिंग म्हणतात. मी राउटरला बजावले, १.९ मेगाबिटच्या वर पुढे सोडायचे नाही. लगेच रांग आमच्या दारात आली, आणि त्या रांगेतून आवाजाला आधी वाट मिळू लागली.

एक पथ्य मात्र पाळले. आवाजालाही वाटेचा तिसरा हिस्साच दिला. नाहीतर कागद कधी पोहोचलेच नसते. आणि हेही खरे, की या युक्तीने वाट तसूभरही रुंद होत नाही. वाट अरुंद ती अरुंदच.

पण लाइटनिंग कॉल विचारी, तुम्ही किती पैसे देता? आमची रांग आता विचारते, थांबणे कोणाला परवडते? कागदाला अर्धा मिनिट परवडते, बोलणाऱ्याला अर्धा सेकंदही नाही.

पुढच्या आठवड्यात तीच परिचारिका फोनवर होती. कागद तेव्हाही चढत होते. डॉक्टरांनी आकडा सांगितला, आणि तिने तो एकदाच उच्चारून लिहून घेतला.