रेघ कोणाची? मुलांची चित्रे आणि भरतकाम

मुलाने कागदावर काढलेले वाकडे घर किंवा पाच पायांचा घोडा जसाच्या तसा कापडावर उतरवून भरावा, यात आज कोणाला नवल वाटत नाही. मात्र ही सहजता अलीकडची आहे. तिच्यामागचा इतिहास आम्हांला मुख्यतः 'रेघ कोणाची?' या प्रश्नाचा इतिहास वाटतो.

इंग्लंडमध्ये अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत मुलींच्या हाती सुई दिली जाई ती 'सॅम्प्लर' भरण्यासाठी. मुळाक्षरे, अंक, धर्मवचन, खाली एक घर आणि दोन झाडे, असा हा नमुनापट. त्यातले घर त्या मुलीने पाहिलेले किंवा कल्पिलेले नसे. ते गिरवायचे असे. सुबक टाक्याइतकीच आज्ञाधारकताही त्यात शिकवली जाई. या चौकटीला तडा देणारा एक पट लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. १८१३ साली जन्मलेल्या एलिझाबेथ पार्कर या मोलकरणीने सुमारे १८३० मध्ये तो लाल रेशमाने फुलीच्या टाक्यात भरला. त्यात नक्षी नाही. मालकांकडून झालेला छळ आणि आत्महत्येचा विचार तिने ओळीमागून ओळ भरून सांगितला आहे, आणि शेवटचे वाक्य अर्ध्यावरच तुटते. गिरवण्यासाठी दिलेल्या साधनातून तिने स्वतःचे बोलणे काढले. पण ते तिचे एकटीचे धाडस होते.

शिक्षणाने ही मुभा दिली ती पुढे. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ मध्ये मुलांसाठी कलावर्ग उघडला आणि मुलाचे चित्र हे मोठ्यांच्या चित्राची कच्ची आवृत्ती नव्हे, अशी भूमिका घेतली. ग्लासगोच्या कलाशाळेत जेसी न्यूबेरी यांनी १८९४ मध्ये भरतकामाचे वर्ग सुरू केले होते. त्यांच्या शिष्या ॲन मॅकबेथ यांनी मार्गारेट स्वॉन्सन यांच्यासह १९११ मध्ये 'एज्युकेशनल नीडलक्राफ्ट' हे पुस्तक लिहिले. लहान मुलांना पांढऱ्यावर पांढरा बारीक टाका घालायला लावू नये; जाड कापड, रंगीत दोरा आणि मोठा टाका द्यावा, आणि नक्षी मुलानेच योजावी, हा त्याचा गाभा.

तरीही प्रश्न संपत नाही. मूल क्षणात रेघ ओढते. ती भरायला मोठ्यांना तास लागतात, आणि त्या तासांत सुधारण्याचा मोह होतो. धावदोरा रेघ तोडतो, साखळी टाका ती जाड करतो, उलटी टीप थरथरीशी अधिक प्रामाणिक राहते. टाका निवडणे हीदेखील अर्थनिश्चितीच आहे. हस्तलिखितासमोर बसलेल्या संपादकाला हा पेच ओळखीचा वाटेल. पाचवा पाय गाळणारा हात शुद्धलेखन करतो, पण पाठ बिघडवतो.

याच मॅकबेथ यांनी १९१० मध्ये मताधिकारासाठी उपोषण केलेल्या ८० स्त्रियांच्या सह्यांची एक गोधडी योजली. पुढे ती निशाण म्हणून मिरवणुकीत नेली गेली. सही म्हणजे ज्याच्या त्याच्या हाताची रेघ. ती सुबक करण्याचा अधिकार भरणाऱ्याला नसतो. मुलाच्या चित्रालाही आपण सहीचाच मान द्यावा, असे आम्हांला वाटते.