नेरळ-माथेरानचीं चार इंजिनें : प्रती आणि पाठभेद

पोथी हातीं आली म्हणजे प्रथम पुष्पिका पाहावी, मग पानें मोजावीं, आणि शेवटीं अक्षर एका हातचें कीं अनेकांचें हें ठरवावें, असा आपल्या मंडळींचा शिरस्ता आहे. लोखंडी वस्तूसहि तो लावला पाहिजे, असें आम्हांस नेरळ-माथेरान मार्गाच्या वाफेच्या इंजिनांवरून वाटतें.

हा मार्ग सर आदमजी पीरभाई यांच्या पैशानें व त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या खटपटीनें सिद्ध झाला. १९०४ सालीं काम सुरू होऊन १९०७ सालीं गाडी माथेरानास पोंचली. रुळांतील अंतर अवघें दोन फूट, लांबी सुमारें २० किलोमीटर, आणि कांहीं ठिकाणीं चढ विसास एक. म्हणजे वीस फूट पुढें गेलें कीं एक फूट वर. बारशी लाइट रेल्वेचे जनक एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनीं इंजिनांचा आराखडा केला, व बर्लिनच्या ओरेनस्टाइन आणि कॉपेल या कारखान्यानें तीं चार इंजिनें घडविलीं.

अडचण दुहेरी होती. चढावर पकड मिळण्यास सर्व चाकें ओढीस लागलीं पाहिजेत. परंतु सहा चाकें दांड्यांनीं एकत्र जखडलीं तर तीं अरुंद वळणांत अडकतात. यावर तोड अशी कीं, टोकाच्या दोन्ही आंसांवर पोकळ नळा चढवून चाकें त्या नळ्यास जडविलीं. आंस चौकटींत सरळच राहतो. नळा मधल्या गोल सांध्यावर किंचित् तिरपा होऊन वळण घेतो आणि आंसाबरोबर फिरतहि राहतो. या रचनेस जर्मन शोधकांच्या नांवांवरून क्लीन-लिंडनर आंस म्हणतात.

१९५० नंतरच्या दशकांत डिझेल इंजिनें आलीं, तरी हीं चौघें १९८२ च्या सुमारापर्यंत टिकून होतीं. पुढें त्यांची फाटाफूट झाली. एक नेरळास, एक माथेरानास, एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयांत आणि एक इंग्लंडांत. एका ग्रंथाच्या चार प्रती चार दप्तरांत पडाव्या, तसाच हा प्रकार होय.

येथें पाठचिकित्सेचा प्रश्न उद्भवतो. पाऊणशे वर्षें राबलेल्या इंजिनाच्या नळ्या, चाकांच्या धावा, दांड्या वेळोवेळीं बदलाव्या लागतात, आणि एकाचा निघालेला भाग दुसऱ्यास बसविणें ही कारखान्यांची सर्वत्र रीत. म्हणून बाहेर दिसणारा अंक हा वस्तूच्या वरच्या पुठ्ठ्यासारखा समजावा. ७३८ ते ७४१ हे रेल्वेचे अंक. कारखान्याचा अनुक्रमांक निराळा असतो, आणि सुट्या भागांवर ठोकलेले अंक त्याहूनहि निराळी हकीकत सांगूं शकतात. खरी पुष्पिका तेथें आहे.

प्रक्षिप्ताचाहि एक नमुना आहे. या शतकाच्या आरंभीं दार्जिलिंगच्या मार्गावरील ७९४ अंकाचें इंजिन इकडे आणलें गेलें. रुळांचें माप तेंच, वाफहि तीच. पण त्याचें कूळ वेगळें, कारण त्यास चारच चाकें आहेत आणि पोकळ नळ्याचा आंस नाहीं. पुढें कोणी त्यास माथेरानचें मूळ इंजिन म्हणूं लागल्यास नवल नाहीं. चाकें मोजणें हा सोपा उपाय वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

उरला रंगाचा प्रश्न. कोंकणच्या पावसांत रंगाविना लोखंड टिकणार नाहीं, हें आम्ही मान्य करतों. परंतु ज्याप्रमाणें शेंदराच्या पुटांखालीं मूर्तीचे अवयव बुजतात, त्याप्रमाणें रंगाच्या थरांखालीं हे ठोकलेले अंक बुजतात. आणि खरवडून काढूं जातां अंकच झिजावा, अशीहि भीति असते. यास्तव नवा हात फिरविण्यापूर्वीं प्रत्येक भागावरील अंकांचे ठसे कागदावर उतरून घ्यावे, छायाचित्रें काढावीं, व चारहि ठिकाणच्या नोंदी एकत्र करून ताडून पाहाव्या. शिलालेखांचे ठसे घेणारांस हें काम नवें नाहीं.

इंजिन उभें आहे तोंवर तें जपलें गेलें, अशी समजूत सर्वत्र आढळते. आमच्या मतें पुठ्ठा शाबूद आणि अक्षर पुसलेलें, अशा पोथीस जपलेली पोथी म्हणतां येत नाहीं.